डेनरबींची टीम आणि १३ जणींचा नियम: नवी मुंबई, जानेवारी २०२२

आपल्याकडे भारताच्या महिला फुटबॉल संघाचे कोच राहिलेले थॉमस डेनरबी यांचं नाव घेतलं की लोकांना एकतर अंडर-१७ वर्ल्ड कपमधले ०-८ आठवतात नाहीतर काहीच आठवत नाही, आणि मला दोन्ही गोष्टींचं वाईट वाटतं. या माणसाच्या करिअरमधला सगळ्यात शिकण्यासारखा आठवडा आपल्या नवी मुंबईत घडला आणि त्याबद्दल मराठीत नीट कुणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. घरच्याच आशियाई कपमध्ये कोविडमुळे १३ खेळाडू जमेनात म्हणून भारताला स्पर्धेतूनच बाहेर पडावं लागलं, ते हे प्रकरण सविस्तर मांडतोय. कोच आणि संस्थांची नावं जाहीर आहेत ती तशीच ठेवलीत, पण कुठल्या मुली पॉझिटिव्ह होत्या, कोण आयसोलेशनमध्ये होतं ते लिहिणार नाही, ती त्यांची खासगी गोष्ट आहे आणि मुद्दा समजायला त्याची गरजही नाही.

पार्श्वभूमी: कोच कोण होता

डेनरबी स्टॉकहोमचे. खेळाडू म्हणून हॅमरब्यू क्लबकडून खेळले, पण स्वीडनच्या बाहेर कुणाला माहीत असावं एवढं मोठं नाव नव्हतं, जे काही नाव झालं ते कोच म्हणूनच झालं. २००५ मध्ये स्वीडनच्या महिला संघाची जबाबदारी आली आणि सुरुवात काही फार चांगली नव्हती, २००७ च्या वर्ल्ड कपमध्ये संघ ग्रुपमधूनच बाहेर. तरी फेडरेशनने त्यांना ठेवलं. मग २०११ चा जर्मनीतला वर्ल्ड कप आला. तिथे ग्रुपमध्ये स्वीडनने अमेरिकेला २-१ हरवलं, सेमीफायनलला जपानकडून हरले (जपान पुढे चॅम्पियन झालं) आणि फ्रान्सला २-१ हरवून तिसरे आले. अमेरिकेच्या बेंचवर त्या दिवशी कोण होतं तर पिया सुंडहागे, म्हणजे तीही स्वीडनचीच, स्वतः स्वीडनची जबरदस्त स्ट्रायकर राहिलेली. २०१२ च्या ऑलिंपिकनंतर डेनरबींनी पद सोडलं आणि त्यांच्या जागी स्वीडनने सुंडहागेलाच आणलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

नंतर नायजेरिया. २०१८ मध्ये गेले आणि त्याच वर्षी घानामध्ये आफ्रिकेचा महिला कप जिंकला, फायनल दक्षिण आफ्रिकेशी ०-० आणि मग पेनल्टीवर ४-३. २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये नायजेरिया ग्रुपमधून पुढे गेली, जे त्यांना १९९९ नंतर जमलं नव्हतं. म्हणजे २०१९ च्या शेवटी आपल्या अंडर-१७ मुलींसाठी जो माणूस आला तो रिकाम्या हाताने आलेला नव्हता.

आले खरे, पण मग कोविड. भारतातला अंडर-१७ वर्ल्ड कप २०२० वरून २०२१ ला ढकलला आणि मग ती एडिशनच रद्द, २०२२ चं यजमानपद आपल्याला मिळालं. ज्या मुलींना घेऊन तयारी सुरू झाली होती त्यातल्या कितीतरी वयात बसेनाशा झाल्या. कोचसाठी हे म्हणजे वर्षभराचं काम हातातून जाणं.

ऑगस्ट २०२१ मध्ये सीनियर महिला संघही त्यांच्याकडे आला. आधीच्या कोच, गोव्याच्या मेमॉल रॉकी, यांनी वैयक्तिक कारणाने पद सोडलं होतं. समोर होता एएफसीचा (आशियाई फुटबॉल संघटना) महिला आशियाई कप, २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२, आणि तो आपल्याच घरी: नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना आणि पुण्याचं बालेवाडी. आधी यजमान शहरांत अहमदाबाद आणि भुवनेश्वर होतं, पण प्रवास कमी व्हावा आणि बबल, म्हणजे टीमना बाहेरच्यांपासून वेगळं ठेवणं, सांभाळता यावा म्हणून सगळं मुंबई-पुण्यात आणलं गेलं.

ही स्पर्धा एवढी महत्त्वाची का होती

इथे थोडं थांबतो कारण हे कळल्याशिवाय पुढचं नुकसान कळत नाही. भारताच्या मुली १९७९ ला कोझिकोडला झालेल्या याच स्पर्धेत दुसऱ्या आल्या होत्या, १९८३ ला परत दुसऱ्या. मग हळूहळू सगळं घसरत गेलं आणि २००३ नंतर तर आपण या स्पर्धेच्या मुख्य फेरीतच नव्हतो. २०२२ ला यजमान म्हणून थेट एंट्री मिळाली.

आणि हीच स्पर्धा २०२३ च्या वर्ल्ड कपची क्वालिफायर होती. बारा संघ, तीन ग्रुप, प्रत्येकातले पहिले दोन आणि तिसऱ्यांमधले सगळ्यात चांगले दोन असे आठ क्वार्टर फायनलला. आता शेवटी काय झालं बघा, त्या आठपैकी प्रत्येक संघ एकतर वर्ल्ड कपला गेला किंवा किमान आंतरखंडीय प्लेऑफ तरी खेळला. म्हणजे क्वार्टर फायनल गाठली असती तर वर्ल्ड कपचं दार उघडं होतं. भारताच्या महिला फुटबॉलला इतका जवळचा रस्ता त्याआधी कधी मिळाला नव्हता.

ग्रुपमध्ये चीन, चायनीज तैपेई (म्हणजे तैवान) आणि इराण. चीन वेगळ्याच लेव्हलचा. इराणची ही पहिलीच आशियाई कप स्पर्धा. तैपेई आपल्यापेक्षा रँकिंगमध्ये वर पण हरवता येण्यासारखी. कागदावर गणित साधं होतं, इराण आणि तैपेई या दोन मॅचमधून चार पॉइंट काढायचे.

पाच महिन्यांत तयारी: पहिला मोठा निर्णय

डेनरबींच्या हातात ऑगस्ट ते जानेवारी एवढाच वेळ. आणि मुलींना लीगच नाही. इंडियन विमेन्स लीगचा आधीचा सीझन फेब्रुवारी २०२० मध्ये संपला होता, पुढचा थेट एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाला, म्हणजे आशियाई कपला उतरणाऱ्या मुली जवळजवळ दोन वर्षं राष्ट्रीय लीग न खेळता आलेल्या. ज्या कोचला स्वीडनमध्ये दर आठवड्याला लीग खेळून आलेले खेळाडू मिळायचे त्याला इथे फिटनेसपासून सुरुवात.

दोन मार्ग होते. एक, सोप्या टीमशी खेळून जिंकत राहायचं, कॉन्फिडन्स वाढवायचा. दोन, आपल्यापेक्षा खूप भारी टीमशी खेळून मार खायचा पण वेग आणि ताकद काय असते ते अंगावर घ्यायचं. त्यांनी दोन्ही केलं आणि क्रमही नीट ठेवला. ऑक्टोबरमध्ये आखातात यूएईला ४-१, मग ट्युनिशियाकडून ०-१ हार, बहरीनला ५-० आणि शेवटी चायनीज तैपेईला १-०. हो, तीच तैपेई. जिला जानेवारीत हरवायचं होतं तिला तीन महिने आधी हरवून झालं होतं.

नोव्हेंबरमध्ये ब्राझीलमधल्या मनाउसला. पहिलीच मॅच ब्राझीलशी, त्यांची दिग्गज खेळाडू फॉर्मिगा हिची निरोपाची मॅच, आणि ब्राझीलच्या बेंचवर परत पिया सुंडहागे. दहा वर्षांपूर्वी वर्ल्ड कपमध्ये समोरासमोर असलेले दोन स्वीडिश कोच ॲमेझॉनच्या काठावर परत समोरासमोर, आणि मध्ये आपल्या मुली. ब्राझीलने पहिल्याच मिनिटाला गोल केला, पण आठव्या मिनिटाला मनीषा कल्याणने बरोबरी साधली आणि हाफटाइमला स्कोअर फक्त २-१ होता. शेवटी ६-१ झालं, दुसऱ्या हाफमध्ये दमछाक स्पष्ट दिसत होती. नंतर चिलीकडून ०-३ आणि व्हेनेझुएलाकडून १-२.

मला हा निर्णय बरोबर वाटतो, आजही. लोकांनी स्कोअर बघून नावं ठेवली पण हाफटाइमपर्यंत ब्राझीलसमोर उभं राहता येतं हे त्या मुलींनी स्वतः बघितलं, हे कुठल्याही कॅम्पमध्ये शिकवता येत नाही. डिसेंबरपासून कोचीला शेवटचा कॅम्प झाला आणि जानेवारीच्या मध्याला टीम मुंबईत आली.

अडचण

ती जानेवारी मुंबईत कशी होती ते आठवा. ओमायक्रॉन. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकट्या मुंबईत दिवसाला २० हजारांच्या वर केसेस निघत होत्या. स्पर्धा बंद दाराआड, प्रेक्षक नाहीत, टीम हॉटेल, बस, ग्राउंड एवढंच.

इराणच्या मॅचच्या आधीच दोन मुली पॉझिटिव्ह आल्या, त्यांना वेगळं केलं. २० जानेवारीला डी. वाय. पाटीलवर मॅच झाली, बॉल बराचसा आपल्याकडे, चान्स आपल्याकडे, इराणची गोलकीपर मात्र हलायला तयार नाही. ०-०. एक पॉइंट. वाईट वाटलं पण सगळं संपलेलं नव्हतं, तैपेईला हरवलं असतं तर चार पॉइंट आणि बहुतेक क्वार्टर फायनल.

२३ तारखेला संध्याकाळी तैपेईशी मॅच होती. त्या दिवशी डझनभर मुली पॉझिटिव्ह असल्याचं समोर आलं. २३ जणींच्या स्क्वाडमधून आयसोलेशनमधल्या आणि दुखापतीवाल्या वजा केल्या तर टीम शीटवर १३ नावं लिहिता येईनात.

आणि १३ हाच आकडा नियमात होता. कोविडच्या काळात एएफसीने स्पर्धांसाठी विशेष नियम केले होते, त्यातल्या कलम ४.१ चा अर्थ साधारण असा: किमान १३ खेळाडू, त्यात एक गोलकीपर, उपलब्ध नसतील तर टीम ती मॅच खेळू शकत नाही आणि तिने स्पर्धेतून माघार घेतली असं धरलं जाईल. एक मॅच गमावली एवढ्यावर भागत नाही, अख्खी स्पर्धा जाते. झालेल्या मॅचसुद्धा रद्द धरल्या जातात, म्हणजे इराणविरुद्धचा तो पॉइंटही नाही, जणू खेळलोच नव्हतो.

लग्न आपल्या घरचं आणि पंगतीतून उठायची वेळही आपल्यावरच, तसं झालं.

त्या दिवशी पर्याय काय होते

खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी डेनरबींच्या हातात जवळजवळ काहीच नव्हतं. तरी एकेक बघू.

आहेत तेवढ्या घेऊन खेळणं. फुटबॉलच्या मूळ नियमाप्रमाणे सात खेळाडू असले तरी मॅच सुरू होऊ शकते, पण या स्पर्धेचा नियम १३ चा होता, त्यामुळे अकरा जणी जमल्या असत्या तरी उपयोग नव्हता.

मॅच पुढे ढकलणं. ही मागणी कुणालाही सगळ्यात आधी सुचेल. तीन दिवसांनी, २६ जानेवारीला, चीनशी मॅच होती अंधेरीत, ग्रुपचं वेळापत्रक गच्च. पण वेळापत्रकापेक्षा मोठी अडचण अशी की विशेष नियमात ढकलण्याची पायरीच नव्हती, कमी पडलात की बाहेर.

बाहेरून नव्या मुली बोलावणं. अंतिम यादी २३ जणींची, ती लॉक झालेली. डझनभर नव्या मुली स्पर्धेच्या मधोमध आणणं नियमात बसणारं नव्हतं, आणि बसलं असतं तरी त्यांना क्वारंटाइन न करता बबलमध्ये कसं घेणार.

लपवणं, म्हणजे लक्षणं नसलेल्यांना उतरवणं. हे मी फक्त एवढ्यासाठी लिहितोय की त्या दिवसांत काही लोक सहज बोलून गेले की खेळवायचं होतं सरळ. नाही. टेस्ट आयोजकांच्या देखरेखीखाली होत्या, आणि समोरच्या टीममधल्या मुलीही कुणाच्या तरी लेकी आहेत.

आता त्याच आठवड्यात जगात दुसरीकडे काय चाललं होतं बघा, ही तुलना मला फार महत्त्वाची वाटते. कॅमेरूनमध्ये पुरुषांचा आफ्रिकन कप चालू होता. तिथल्या संघटनेने स्पर्धेच्या आधीच नियम केला होता की ११ खेळाडू निगेटिव्ह असले की टीमने खेळायचं, गोलकीपर नसला तर दुसऱ्या कुणाला उभं करा. आपली मॅच रद्द झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २४ जानेवारीला, कोमोरोस हा छोटासा देश कॅमेरूनविरुद्ध नॉकआउट मॅच खेळला, गोलकीपर सगळे बाहेर, म्हणून शाकेर अलहादुर नावाचा डिफेंडर ग्लोव्ह्ज घालून गोलमध्ये उभा राहिला. सुरुवातीलाच रेड कार्ड मिळून दहा जण उरले तरी १-२ असे हरले. अख्ख्या जगाने त्यांचं कौतुक केलं. आपल्या मुलींना हरायचीसुद्धा संधी मिळाली नाही. व्हायरस तोच, खेळ तोच, फरक फक्त काही महिने आधी कागदावर लिहिलेल्या एका आकड्याचा.

काय केलं गेलं

२३ ला मॅच झाली नाही, दुसऱ्या दिवशी एएफसीने भारताची माघार अधिकृतपणे जाहीर केली. चीनची मॅचही गेली. मुली हॉटेलच्या खोल्यांमध्ये बंद आणि टीव्हीवर बाकीची स्पर्धा, आपल्याच शहरात.

डेनरबी नंतर पत्रकारांशी बोलले ते सडेतोड होतं. त्यांचं म्हणणं असं की आमच्या मुलींनी बबल पाळला, हॉटेलच्या स्टाफमध्ये पॉझिटिव्ह केसेस होत्या, त्यांच्या टेस्टिंगमध्ये आणि रिपोर्ट हातात येण्यात उशीर झाला आणि बबलची जबाबदारी एएफसीची होती. एएफसीने हे मान्य केलं नाही. कोण बरोबर हे बाहेर बसून ठरवण्याएवढा पुरावा जाहीर नाही, त्यामुळे मी त्यात पडत नाही. पण एक गोष्ट मला आवडली, की कोचने एकदाही मुलींवर खापर फोडलं नाही, कोण बाहेर फिरलं, कुणी मास्क काढला असलं काही नाही. ज्या मुलींची अख्ख्या करिअरमधली सगळ्यात मोठी स्पर्धा अशी गेली त्यांना त्या क्षणी कोचचा आधार हवा होता आणि तो मिळाला.

दुसरा निर्णय म्हणजे राहायचं की जायचं. साठी ओलांडलेला माणूस, घरापासून हजारो किलोमीटर, दोन वर्षांत आधी अंडर-१७ वर्ल्ड कप रद्द झालेला बघितला आणि आता हे. राजीनामा दिला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. ते राहिले. एप्रिलमध्ये टीम जॉर्डनला गेली, इजिप्तला १-० आणि जॉर्डनला १-० हरवून आली. ह्या दोन विजयांची बातमी आपल्याकडे दोन ओळींत संपली पण अशा धक्क्यानंतर अडीच महिन्यांत तीच टीम उभी करणं सोपं नसतं.

निकाल

सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट म्हणजे तैपेईचं पुढे काय झालं. भारत बाहेर पडल्यावर ग्रुपमध्ये तीनच टीम. तैपेई चीनकडून आधीच ०-४ हरली होती, मग इराणला ५-० हरवलं आणि पोचली क्वार्टर फायनलला. तिथे फिलिपिन्सकडून पेनल्टीवर हरली, आणि त्या विजयाने फिलिपिन्स पहिल्यांदा वर्ल्ड कपला गेली. तैपेई मग प्लेऑफमध्ये व्हिएतनामशी खेळली, १-२ हरली, आणि व्हिएतनामही पहिल्यांदा वर्ल्ड कपला. ती मॅचसुद्धा डी. वाय. पाटीललाच झाली. ज्या टीमला आपण ऑक्टोबरमध्ये हरवलं होतं ती आपल्या ग्राउंडवर वर्ल्ड कपपासून एक मॅच दूर होती. भारत तिथे नक्की पोचलाच असता असं मी म्हणत नाही, इराणविरुद्ध गोल न होणं हा आपलाच दोष होता आणि त्याला व्हायरस जबाबदार नाही. पण प्रश्न विचारण्याची संधी तरी मिळायला हवी होती.

डेनरबींचं पुढचं वर्ष आणखी कठीण गेलं. अंडर-१७ वर्ल्ड कप जवळ आला आणि ऑगस्ट २०२२ च्या मध्याला फिफाने एआयएफएफलाच, म्हणजे भारताच्या फुटबॉल फेडरेशनलाच, सस्पेंड केलं, त्रयस्थांचा हस्तक्षेप या कारणाने. वर्ल्ड कप हातातून जाणार अशी वेळ आली, गोकुलम केरळ क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचून न खेळता परत आल्या. २६ ऑगस्टला बंदी उठली. ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वरला आपल्या मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ हरल्या. तीन मॅच, एकही गोल नाही. त्याआधी सप्टेंबरमध्ये सीनियर टीम सॅफ (दक्षिण आशियाई) स्पर्धेच्या सेमीफायनलला नेपाळकडून ०-१ हरली, तेव्हा डेनरबी अंडर-१७ बरोबर होते आणि बेंचवर त्यांचे सहकारी.

२०२३ मध्ये ते परत सीनियर टीमबरोबर होते. ऑलिंपिक क्वालिफायरच्या पहिल्या फेरीत किर्गिझस्तानला दोनदा आरामात हरवलं. हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये पहिलीच मॅच कुणाशी, तर परत चायनीज तैपेई. भारताने आधी गोल केला आणि १-२ हरला. मग थायलंडकडूनही ०-१. ऑलिंपिक क्वालिफायरच्या पुढच्या फेरीत ताश्कंदला जपानकडून ०-७, व्हिएतनामकडून १-३, उझबेकिस्तानकडून ०-३. त्यानंतर त्यांचा भारतातला अध्याय संपला.

जुलै २०२५ मध्ये थायलंडला चियांग माईत २-१ हरवून भारत क्वालिफायर खेळून आशियाई कपला पात्र ठरला, कोच क्रिस्पिन छेत्री. क्वालिफाय करून जाणं पहिल्यांदाच. त्यात डेनरबींचा वाटा किती हे मोजता येत नाही, पण मनीषासारख्या ज्या खेळाडू मनाउसला ब्राझीलसमोर उभ्या होत्या त्यातल्या काही या टीममध्येही होत्या.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्या मते हे प्रकरण २३ जानेवारीला घडलं असं समजणं हीच गल्लत आहे. त्या संध्याकाळी निर्णय घ्यायला काही उरलं नव्हतं. खरा निर्णयाचा क्षण त्याच्या काही महिने आधीचा, जेव्हा विशेष नियम तयार होते आणि यजमान म्हणून आपण टेबलावर बसलेलो होतो. यजमान देशाचं वजन स्पर्धेआधी असतं, स्पर्धा सुरू झाली की तुम्ही बाकी अकरा टीमसारखेच. १३ ऐवजी ११, किंवा किमान एकदा मॅच ४८ तास ढकलायची सोय, एवढी मागणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जोर लावून व्हायला हवी होती, ओमायक्रॉनचं नाव नव्हतं तेव्हा. डेल्टाची लाट आपण त्याच वर्षी एप्रिल-मे मध्ये बघितली होती, त्यामुळे असं कुणाला वाटलं नव्हतं हे कारण मला पटत नाही.

कोचच्या बाजूने बघितलं तर, स्पर्धेचे नियम वाचणं हे मॅनेजरचं किंवा ऑफिसचं काम अशी बहुतेक कोचची समजूत असते. पण कोविडच्या स्पर्धेत १३ हा आकडा माहीत असलेल्या कोचने स्क्वाडची मांडणीच त्या आकड्याभोवती करायला हवी. म्हणजे २३ जणींचे दोन गट, वेगळे मजले, वेगळं जेवण, वेगळी बस, ट्रेनिंगलाही शक्य तितकं वेगळं, प्रत्येक गटात गोलकीपर. एका गटात शिरकाव झाला तरी दुसरा वाचण्याची शक्यता राहते. पहिल्या दोन केसेस सापडल्या तेव्हा तरी हे करता आलं असतं का? टीम म्हणून एकत्र असणं, एकत्र जेवणं याला महिला संघात फार किंमत असते, स्पर्धेच्या तोंडावर ते तोडणं कुठल्याही कोचला जड जाईल, शिवाय लागण तोवर पसरलीही असेल. तरीही इराणच्या मॅचच्या आदल्या दिवशी हा निर्णय कठोरपणे घ्यायला हवा होता असं माझं मत आहे, मग ट्रेनिंगचं थोडं नुकसान झालं असतं तरी चाललं असतं.

हॉटेलचा मुद्दाही इथेच येतो. जिथे टीम राहते तिथला स्टाफ बबलच्या आत आहे की बाहेर, त्यांची टेस्ट किती दिवसांनी, रिपोर्ट कुणाच्या हातात कधी पडणार, हे सगळं टीमच्या डॉक्टरने लेखी मागून घ्यायचं असतं. स्टाफचे रिपोर्ट टीमला त्याच दिवशी मिळावेत ही अट आधी असती तर नंतर प्रेससमोर कोण जबाबदार यावर वाद घालायची वेळच आली नसती.

आणि शेवटचं, ज्यावर माझं आणि बऱ्याच मित्रांचं जमत नाही. एकाच माणसाकडे सीनियर आणि अंडर-१७ दोन्ही देणं. मित्र म्हणतात अनुभवी माणूस आहे, एकच पद्धत खालपासून वरपर्यंत जाईल, पैसेही वाचतात. मी म्हणतो २०२२ चं कॅलेंडर काढून बघा: जानेवारीत आशियाई कप, एप्रिलमध्ये जॉर्डन, मग अंडर-१७ चे परदेश दौरे, सप्टेंबरमध्ये सॅफ, ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड कप, आणि मध्ये फेडरेशनच सस्पेंड. सीनियर मुली काठमांडूला सॅफ खेळतायत आणि त्यांचा मुख्य कोच दुसऱ्या टीमबरोबर, ही व्यवस्था कितीही मोठा कोच आणला तरी चालणारी नव्हती. जानेवारीनंतर सीनियर टीमला पूर्णवेळ वेगळा कोच दिला असता आणि डेनरबींना फक्त त्या लहान मुलींवर नऊ महिने काम करू दिलं असतं तर अमेरिकेविरुद्ध हरलोच असतो, पण मोरोक्कोची मॅच वेगळी झाली असती असं मला आजही वाटतं. मोरोक्कोसुद्धा त्या वयोगटाच्या वर्ल्ड कपला पहिल्यांदाच आली होती.